फॉर्मवर न लिहिलेलं घर

"ही ती शनिवारची पेजवाली ना गं? आज स्वतःच लायनीत बसलीय."

एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आईशेजारी बसले होते. मागून दोन आयाबाया रिकामं स्ट्रेचर ढकलत चालल्या होत्या. त्यांतली एक हे दुसरीला म्हणाली. आपण हळू बोलतोय असं तिला वाटत असावं.

"मग? पेज वाटणाऱ्यांना आजार होत नाय काय?" दुसरी म्हणाली, आणि दोघी हसत पुढे गेल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. तरी मी ओढणी नाकावर ओढून घेतली. मग खोकला आला आणि ओढणीचा काही उपयोग झाला नाही.

त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. दोन वर्षं मी आमच्या चर्चच्या गटाबरोबर दर शनिवारी सकाळी याच सरकारी रुग्णालयाच्या फाटकाशी उभी राहत होते. रात्रभर व्हरांड्यात झोपलेल्या नातेवाइकांना आम्ही तांदळाची गरम पेज आणि लोणचं द्यायचो. आतल्या कॉरिडॉरमध्ये बसायची माझी ही पहिलीच वेळ होती.

आदल्या आठवड्यात ऑफिसच्या बेसिनमध्ये खोकताना रक्त पडलं होतं. मी नळ सोडला, बेसिन धुतलं आणि जागेवर येऊन उरलेले तीन ईमेल पाठवले. घरी दोन दिवस सांगितलं नाही. मी अशीच आहे. मला चटकन काही सांगता येत नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, थुंकीचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "टीबी आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. रक्त पडलंय म्हणून थोडे दिवस इथेच ठेवू."

आई म्हणाली, "डॉक्टर, न्यूमोनिया पण असू शकतो ना?"

"असू शकला असता," ते म्हणाले. "पण नाहीये."

बाहेर येताच आईने दाराशी थांबलेल्या पप्पांना सांगून टाकलं, "कोणी विचारलं तर न्यूमोनिया."

"का?"

"कारण ती चोवीस वर्षांची आहे. टीबी म्हटलं की पुढचं कोणी ऐकून घेत नाही."

पप्पांनी पिशवी उचलली आणि ते चालू लागले. आमच्या घरात न बोलणं मी त्यांच्याकडूनच घेतलंय.

नाव न विचारण्याचा नियम

पुढचं कळायला आमच्या गटाबद्दल थोडं सांगायला हवं. गट चालवतात विमलआंटी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, सतत काहीतरी पुसत असलेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. अनोळखी माणसासाठी छोटंसं काम करायचं, हातात पत्रक द्यायचं नाही, उपदेश करायचा नाही. कोणी विचारलंच की तुम्ही हे का करता, तर एवढंच म्हणायचं, "येशूने आमच्यावर प्रीती केली, म्हणून." दोन वर्षांत हे वाक्य मी एकदाही बोलले नव्हते. मी भांडी धुवायचे, वाट्या भरायचे.

दुसरा नियम होता नावांचा. आपलं नाव सांगायचं नाही, त्यांचं विचारायचं नाही. दान गुप्तच असावं, असं आंटी म्हणत. पण खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका गावात कोणीतरी म्हटलं होतं की हे लोक नावं लिहून घेतात आणि मग धर्म बदलला म्हणून कागद करतात. तेव्हापासून आम्ही वहीसुद्धा बरोबर नेत नव्हतो.

मला हा नियम मनापासून आवडायचा. कोणाला माझं नाव माहीत नाही, म्हणजे कोणी माझ्याकडून काही अपेक्षा करणार नाही. तेव्हा मी याला नम्रपणा समजत होते.

फाटकावरचं काम आटोपलं की आम्ही दोघी-दोघी करून आजूबाजूच्या गावांत जायचो. विमलआंटी आणि मी पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढच्या एका गावात जायचो. तिथे एका नव्या, टाइल्स लावलेल्या घराच्या ओट्यावर एक बाई बसलेल्या असत. पन्नाशीच्या. लकव्याने उजवा हात गेलेला. मूठ घट्ट मिटलेली, आणि नखं वाढली की तळव्यात रुतायची. घरच्यांनी हात लावला की त्या ओरडायच्या. पहिल्या दिवशी आंटी त्यांच्याशी बोलत होत्या आणि मी, काय करावं ते न सुचून, कोमट पाणी मागितलं आणि त्यांची मूठ पाण्यात धरून बसले. दहा मिनिटांनी एक बोट सैल झालं. मग दुसरं. मी नखं कापली.

तेव्हापासून ते माझं काम झालं. चार महिने. अर्धा-पाऊण तास लागायचा. माझं डोकं त्यांच्या डोक्याला लागेल इतकं जवळ असायचं. त्यांच्या डाव्या मांडीवर त्यांचा नातू असायचा. मी जायला लागले तेव्हा तो दीड महिन्याचा होता.

मी त्यांना मावशी म्हणायचे. नाव माहीत नव्हतं.

"तुला तोंड हाय का नाय गो?" त्या विचारायच्या. "आमी येवडा बोलतो, तू आपली नखा बगते."

त्यांचा मुलगा माती वाहायचे डंपर भाड्याने देतो. तो येता-जाता आंटींना टोमणा मारायचा, "काय मॅडम, आज किती बाटवलं?"

"आज फक्त दहा नखं, दादा," आंटी म्हणायच्या, आणि मावशी तिरक्या तोंडाने हसायच्या.

शेवटच्या महिन्यात मी तिथे खूप खोकत होते. हायवेच्या धुळीने होतंय असं मला वाटायचं. एकदा मावशींनी सुनेला सांगून माझ्यासाठी अडुळशाचा काढा करवला. मी प्यायले. पिताना बाळ माझ्या मांडीवर होतं.

वॉर्ड

मी नऊ दिवस होते. साडेपाचला फिनाइलचा वास आणि फरशीवरून सरकणारं फडकं. सहाला थर्मामीटर. सातला चहा, घरून आणलेल्या कपात. गोळ्या एकदम, मूठभर. मग मळमळ, आणि मळमळीतच डॉक्टरांचा राउंड. दुपारी भेटायला येणारे, नाकावर रुमाल धरून. दिवसभर मी पाय हलवत पडायचे. पडून राहणं हे एक काम आहे आणि ते मला जमत नव्हतं. खिडकीपासून दारापर्यंत चौदा पावलं होती. ती मी इतक्या वेळा मोजली की सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, फरशी झिजेल आमची."

शेजारच्या खाटेवर रुखसाना होती, पनवेलचीच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. दुसऱ्या दिवशी मला उलटी झाली तेव्हा तिने न विचारता अर्धं लिंबू माझ्या हातात ठेवलं. "चोख. शरम नको करू. इथे सगळ्यांची इज्जत एकाच बालदीत जाते."

मी हसले. रक्त पडल्यापासून पहिल्यांदा. तुम्ही हे वाचताना गोळ्या घेत असाल तर लिंबाचं लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी टीबी विभागाच्या एक ताई फॉर्म घेऊन आल्या. घरात कोण कोण राहतं, ऑफिसात शेजारी कोण बसतं, सगळं लिहून घेतलं. आई शेजारीच उभी होती.

"अजून कोणी? आठवड्यातून एकदा का होईना, पण जवळ बसणं, तास-अर्धा तास? चर्च वगैरे?"

"चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसते," आई म्हणाली. "कोणाशी बोलत पण नाही."

"पेज वाटायला जायचे," मी म्हणाले.

"ते उघड्यावर, दोन-दोन मिनिटं. त्याची तेवढी काळजी नाही. बाकी?"

पेन कागदावर टेकलेलं होतं. त्या ओळीत 'नाव' असा रकाना होता. मावशींचं नाव मला माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी हे मला अगदी पुरेसं कारण वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

ताई गेल्या. संध्याकाळी रुखसानाचा नवरा आला आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "छोट्याने आज दवा घेतली का?"

तो गेल्यावर मी विचारलं, "त्याला पण झालाय?"

"अल्लाह न करे. नाही झाला. पण आठ महिन्यांचा आहे ना, माझ्याजवळ झोपायचा. तपासलं आणि आधीच दवा चालू केली. लहान बच्चाला पकडला तर फार जोरात पकडतो, असं डॉक्टर बोलले." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "काय गं? पांढरी पडलीस."

मी म्हणाले, मळमळतंय. तिने लिंबाचा उरलेला भाग शोधायला सुरुवात केली.

घरी

घरी आईने माझं ताट, वाटी, पेला वेगळा केला. डॉक्टरांनी गरज नाही असं सांगितलं होतं. दोन दिवसांनी तिने तो पेला स्वतःच सगळ्या भांड्यांत मिसळून टाकला आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून रडली. माझी खोली गॅलरीला लागून होती, हवा यायची. मी गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारायचे. लघवी गोळ्यांमुळे केशरी झाली होती, सांधे दुखत होते, पण मला त्रास त्याचा नव्हता. मी दिवस मोजत होते, आणि ते गोळ्यांचे नव्हते. ते बाळ आता किती आठवड्यांचं झालं हे मी मोजत होते. फोनवर बाळांच्या खोकल्याबद्दल वाचायचे आणि अर्ध्यात बंद करायचे.

शेवटी मी विमलआंटींना फोन केला. न्यूमोनिया नाही, टीबी आहे, हे त्यांना सांगितलं. त्या रडल्या, माझ्यासाठी. मग मी म्हणाले, "आंटी, ते बाळ."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"बेटा, तुझी चूक नाही यात," त्या म्हणाल्या. "तुला कुठे माहीत होतं?"

"सांगायला पाहिजे ना त्यांना?"

"सांगू. पण जरा थांबून, नीट. तुला माहितीये तो मुलगा कसा बोलतो ते. दोन वर्षं लागली आपल्याला त्या ओट्यावर बसायला. उद्या कोणी उठून म्हणेल, चर्चवाले आले आणि आजार देऊन गेले, मग आजूबाजूच्या चार गावांत पाय ठेवता येणार नाही. बाजूच्या गावात ते आंधळे आजोबा आहेत, त्यांच्याकडे कोण जाईल? आपण आधी प्रार्थना करू."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आंधळ्या आजोबांकडे खरंच दुसरं कोणी जात नव्हतं. आम्ही फोनवर प्रार्थना केली. त्यांनी माझ्यासाठी, बाळासाठी, त्या गावासाठी मागितलं. आमेन म्हणताना मला हायसं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर त्या हायसं वाटण्याचीच किळस आली.

माझंही कारण आंटींपेक्षा फार वेगळं नव्हतं. त्यांना काम बंद पडण्याची भीती होती, मला त्या बाईच्या तोंडासमोर उभं राहण्याची. जिचं बोट न् बोट मला माहीत होतं, तिच्याशी मी चार महिन्यांत चार वाक्यंही बोलले नव्हते.

रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांचा फोन आला. माझा न्यूमोनिया बरा होतोय म्हणून मंडळीने देवाचे आभार मानले होते. पूर्ण बरी झाले की मी पुढे उभी राहून साक्ष द्यावी, असं ते म्हणाले. आमच्याकडे आजारातून उठलेलं माणूस देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं. आईने माझ्या वतीने हो म्हटलं. मी पुन्हा गॅलरीत गेले.

कोणतं बाळ?

टीबीच्या ताई गोळ्या बघायला घरी आल्या. आई शाळेत शिकवायला गेली होती. ताईंनी रिकामी पाकिटं पाहिली, वजन विचारलं आणि निघताना चपला घालत होत्या तेव्हा मी म्हणाले, "लहान बाळाला किती दिवसांत कळतं?"

"कोणतं बाळ?"

"असंच विचारलं."

त्यांनी चप्पल काढली आणि परत आत येऊन बसल्या. "असंच कोणी विचारत नाही."

मग मी सांगितलं. ताई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं. "आम्ही जाऊ. पण तुझं नाव आम्ही सांगणार नाही, सांगता येत नाही. मग घरचे काय म्हणतात माहितीये? आमच्यात कोणाला नाय, तुम्ही जा. आणि दार लावतात. त्यांना कळलं पाहिजे की कोणापासून, तरच पटतं."

"मी गेले तर?"

"गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे होत आलेत. परवा डॉक्टरांना दाखव, त्यांनी हो म्हटलं तर मास्क लावून जा, उघड्यावर थांब." मग त्या म्हणाल्या, "जायचं तर लवकर जा. आपल्याला धीर येईपर्यंत बाळ काही थांबत नाही."

डॉक्टरांनी हो म्हटलं. संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. आईला त्यांनी सांगितलं. स्वयंपाकघरातून आवाज आले, बराच वेळ. "सगळ्या गावाला कळेल," आई म्हणत होती. पप्पा म्हणाले, "कळू दे." त्यांनी तिला उलट उत्तर दिल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आधी हे लिहून टाकते

बाळ बरं आहे. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात लहान मूल असेल तर त्यांनी शेवटपर्यंत अडकून राहू नये. त्याची तपासणी झाली, आजार निघाला नाही, तरी त्याला रोजचं प्रतिबंधक औषध सुरू केलं. मावशींचा एक्स-रे स्वच्छ आला. सुनेचाही.

त्या घरी आता आम्हाला बोलावत नाहीत. मुलगा विमलआंटींना जे बोलायचं ते ओट्यावर उभा राहून बोलला, आणि आंटी ते खाली मान घालून ऐकून आल्या. परतीच्या रिक्षात त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "मी तुला थांब म्हटलं होतं, ते मला रोज आठवतं." त्या गावात आम्ही जात नाही. बाजूच्या गावातल्या आंधळ्या आजोबांकडे मात्र आंटी अजून जातात. आता आजोबांचं नाव आंटींना माहीत आहे. फाटकावरची पेज सुरू आहे. मला पाचवा महिना चालू आहे, सहा किलो वजन परत आलंय. साक्ष मी अजून दिलेली नाही. मंडळीत न्यूमोनिया कोणी म्हणत नाही आता, आणि आई म्हणते की जगबुडी काही झाली नाही, पण हे ती जरा तक्रारीच्या सुरात म्हणते.

मावशींची नखं कोण कापतं ते मला माहीत नाही. हा विचार मला बसू देत नाही.

त्या शनिवारी

पप्पांनी मला स्कूटरवरून नेलं. माझे हात सीटच्या मागच्या दांडीवर इतके घट्ट होते की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. पप्पा म्हणाले, "मी गाडीपाशी थांबतो. येऊ का बरोबर?"

मी मान हलवली, नाही.

मावशी ओट्यावर होत्या. मांडीवर बाळ. मला मास्कमध्ये ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"आलीस गो? किती दिस झालं. माज्या मुठीचा काय झालाय बग." त्यांनी मूठ माझ्याकडे पुढे केली. "ती मॅडम कुठं हाय तुजी?"

मी पायऱ्यांच्या खाली, अंगणातच थांबले. मला वाटलं खोकला येईल, आणि मग सगळं संपेल. आला नाही.

"वर ये ना. आज काय नवरीसारखी लाजतेस?"

आवाज ऐकून मुलगा आतून आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, तोंडात दातकोरणी. "काय, आज मॅडम नाय? एकटीच बाटवायला आलीस?"

"गप रे," मावशी म्हणाल्या. "पाणी ठेव जा कोमट, तिच्यासाठी."

तो पाणी ठेवायला वळला. खरंच वळला. मला वाटतं तो टोमणा मारत राहिला असता तर मी पळून आले असते. पण तो माझ्यासाठी पाणी तापवायला निघाला होता, आणि मावशी बाळाचा हात धरून माझ्याकडे हलवत होत्या.

"दादा, पाणी नको," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, मोठा. "थांबा, तुम्हीपण ऐका. मावशी, मला टीबी झालाय. मी चार महिने तुमच्याजवळ खोकत बसले, बाळाला मांडीवर घेतलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. पण आता माहीत होऊन एकवीस दिवस झाले आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी घाबरले. बाळाला आजच दवाखान्यात न्या. कुठे जायचं, कोणाला भेटायचं, मी सांगते. आणि मला जे बोलायचं ते बोला, मी इथेच उभी आहे."